दहीपुलाजवळचे फ्रेमवाले काका आणि मामांचा एपिंगनचा झेंडा

साधा फोटो फ्रेम करायचा असेल तर नाशकात कुठेही होतो, कॉलेज रोडला एसी शोरूममध्ये पण होतो. पण जुनं कापड, भरतकाम, कसर लागलेली वस्तू असं काही असेल तर दहीपुलाच्या बाजूच्या बोळातच जा. दुकानाला पाटी नाहीये त्यामुळे नाव सांगता येत नाही, दारात फ्रेमच्या लाकडी पट्ट्या उभ्या लावलेल्या दिसतील तेच. पाचपैकी साडेचार देते, अर्धा का कापला ते खाली सांगते.

आता वस्तू काय होती ते सांगायलाच हवं. माझे मामा मायकोत, म्हणजे आताच्या बॉशच्या इथल्या कारखान्यात होते. 1985 साली कंपनीतर्फे ट्रेनिंगला स्टुटगार्टकडे गेले होते, तिथे मशीनवर शेजारी काम करणारा एक जर्मन होता, एपिंगन नावाच्या छोट्या गावचा. मामा स्वतः मायकोच्या डिपार्टमेंटच्या फुटबॉल मॅचेसमध्ये लेफ्ट आउट खेळायचे त्यामुळे दोघांचं जमलं, आणि निघताना त्याने मामांना आपल्या गावच्या फुटबॉल क्लबचा विंपल दिला. विंपल म्हणजे मॅचच्या आधी दोन्ही कॅप्टन एकमेकांना देतात ना तो तिकोनी कापडी झेंडा, खाली झालर, वरती बारीक काठी आणि गोंड्याची दोरी. तो गेली चाळीस वर्षं मामांच्या हॉलमध्ये खिळ्याला लटकत होता. झालर पिवळी पडलेली, एका कडेला कसर लागून तीन भोकं आणि गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली तेव्हा वरच्या कोपऱ्यात डाग पण पडला. मामांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता म्हणून म्हटलं नीट फ्रेम करून देऊ.

आधी दुसरीकडे गेले होते, नाव नाही लिहीत. तिथल्या मुलाने विंपल हातात घेतला, टेपने मापला आणि म्हणाला प्लायवर फेव्हिकॉलने चिकटवून देतो, साडेसातशे, उद्या संध्याकाळी न्या. मी हो म्हणणारच होते खरं तर, पण मला त्याने तो कापड पुसायच्या फडक्यासारखा काउंटरवर टाकला ते आवडलं नाही म्हणून परत घेऊन आले.

दहीपुलाच्या काकांनी माप घ्यायच्या आधी विचारलं, "हे कुणाचं आहे ताई, आणि काय आहे?" मग मला सगळं सांगावं लागलं आणि मी ते लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की तोंडपाठ आहे. क्लबचं नाव व्हीएफबी एपिंगन, 1921 सालचा. त्यातलं व्हीएफबी म्हणजे साधारण मैदानी खेळांची संस्था, म्हणजे आपल्याकडे यशवंत व्यायामशाळा आहे तशा जातीचं प्रकरण, मालक कोणी नाही, वर्गणी भरणारे सभासद. जर्मनीत अशी संस्था रजिस्टर करायला किमान सात जण लागतात आणि गंमत म्हणजे आपल्या सोसायटी रजिस्ट्रेशनला पण सातच लागतात. गाव केवढं, तर आज आजूबाजूची खेडी धरून वीस-बावीस हजार वस्ती, लाकडी चौकटींच्या जुन्या घरांसाठी प्रसिद्ध. सिडकोतल्या एका प्रभागात याहून जास्त लोक राहतात.

तर 1974 साली जर्मन कपच्या, म्हणजे हरला की बाहेर अशा देशभरच्या स्पर्धेच्या मुख्य फेऱ्यांमध्ये पहिल्यांदा 128 टीम घेतल्या. म्हणून असल्या गावच्या क्लबांना मोठ्यांसमोर खेळायची संधी मिळाली, एपिंगन तेव्हा तिसऱ्या पातळीवरच्या अमॅच्युअर लीगमध्ये होतं. दुसऱ्या फेरीत समोर कोण आलं तर हॅम्बुर्ग! म्हणजे बुंडेसलिगाची, जर्मनीतल्या सगळ्यात वरच्या लीगची टीम, दोनच महिन्यांपूर्वी ऑगस्टमध्ये ह्याच कपची फायनल खेळलेली, पुढे 1976 ला तो कप आणि 1983 ला युरोपियन कप जिंकलेली. 26 ऑक्टोबर 1974 ला मॅच एपिंगनच्याच मैदानावर झाली आणि एपिंगनने 2-1 ने जिंकली, दोन्ही गोल गेर्ड श्टोर्त्सरचे. अमॅच्युअर टीमने बुंडेसलिगाच्या टीमला कपमधून बाहेर काढायची ती पहिलीच वेळ. पुढच्या फेरीत फोल्कलिंगनला पण हरवलं, मग वेर्डर ब्रेमेनने थांबवलं.

काका पट्टी घासत घासत सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "पुढे काय झालं क्लबचं?" पुढे 1980-81 ला एक सीझन दुसऱ्या बुंडेसलिगात, म्हणजे वरून दुसऱ्या पातळीवर खेळले, तळाला राहिले आणि परत खाली आले. तिथून तासाभराच्याही आत असलेलं हॉफेनहाइम, ते तर खेडंच, पण त्यांना मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकाचा पैसा मिळाला आणि 2008 ला ते थेट बुंडेसलिगात पोचले. एपिंगनला तसं कोणी भेटलं नाही, ते आजही खालच्या अमॅच्युअर लीगमध्ये खेळतात. मला तरी एपिंगनचीच गोष्ट जास्त जवळची वाटते, मामांनी सांगितली म्हणून असेल, पण मॅच सगळ्या गावाची होती हे पण आहेच.

आता मेन मुद्दा. काकांनी विंपल उजेडात धरला, काठीजवळची शिवण चिमट्याने जरा उचलली आणि मला म्हणाले इकडे या. आतल्या अस्तरावर बॉलपेनने लिहिलेलं होतं, शाई जांभळट झालेली, पण वाचता येत होतं. 26.10.74 आणि खाली 2:1. चाळीस वर्षं भिंतीकडे तोंड करून होतं ते, घरात कुणालाच माहीत नाही! फेव्हिकॉल लावला असता तर कायमचं गेलं असतं. माझ्या अंगावर काटा आला तिथे.

मग काकांनी जे काम केलं त्याला तोड नाही. चिकटवलं काहीच नाही, सुती कापड ताणून बसवलेल्या बोर्डवर विंपल बारीक सुईदोऱ्याने टाचला, टाके जुन्या शिवणीच्याच भोकांतून घातलेत, नवीन भोक एकही नाही. भोकांच्या मागे त्याच रंगाच्या कापडाचा तुकडा ठेवलाय त्यामुळे लांबून कळतच नाहीत. काच आणि कापड यांच्यात अर्धा इंच जागा सोडली, काच टेकली की पावसाळ्यात बुरशी धरते म्हणाले. डाग धुवायला मी सांगत होते, त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं, रंग उतरेल. आणि मागच्या बाजूने बोर्ड कापून लिहिलेल्या जागेएवढी छोटी खिडकी केली, तिला पण काच. कोपरे बघा तुम्ही, दोन पट्ट्या जुळतात तिथे नख अडकत नाही.

सागवानी पट्टीसकट 1,850 रुपये झाले. अर्धा स्टार कापला कारण आठ दिवस सांगून सतरा दिवस लावले, वाढदिवस हुकता हुकता राहिला, आणि फोन केला की उचलत नाहीत, प्रत्येक वेळी जाऊन विचारावं लागतं. गाडी आत नेऊच नका, रविवार कारंजाला लावून चालत जा. बुधवारी तर अजिबात नको, गोदाकाठच्या बाजाराची गर्दी असते. सकाळी अकराच्या आसपास काका निवांत असतात, ॲडव्हान्स निम्मा घेतात, जुनी वस्तू असेल तर तिची माहिती विचारतात, ती नीट सांगा.

वाढदिवसाला मामांनी फ्रेम बघितली, छान झाली म्हणाले. मग मी म्हटलं मामा उलटी करा. चष्मा शोधून आणला, वाचलं आणि बराच वेळ मांडीवर तशीच उलटी धरून बसले. मग म्हणाले, "मॅचला गेलो होतो असं तो म्हणायचा." त्यांनी ती भिंतीला लावली नाहीये अजून, टीव्हीच्या शेजारी टेबलावर टेकवून ठेवलीय, म्हणजे कोणी आलं की फिरवून दाखवता येते.