मुक्त बायोस, मुकी बॅटरी : एक्स२३० वर कोअरबूट, आठ महिन्यांनंतर

लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स२३० लॅपटॉपचे स्पेक्स सांगत बसत नाही, ज्याला हे वाचायचंय त्याला ते पाठच असणार. माझा सेकंडहँड आहे, ११,५०० ला घेतलेला, आणि मागच्या जूनपासून त्यावर कंपनीच्या बायोसऐवजी (बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालून लॅपटॉप जागं करणारं सॉफ्टवेअर) कोअरबूट, म्हणजे त्याचा कोड खुला असलेला पर्याय, चालतंय. खरं तर हा रिव्ह्यू मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवला होता आणि त्याचं शेवटचं वाक्य होतं "डोळे झाकून करा". बरं झालं टाकला नाही. दिवाळीनंतर जे झालं त्यात अर्धा खोडावा लागला.

सुरुवात वायफायपासून. मी पुण्यात कर्वेनगरला घरीच अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेतो, पेपर, नोट्स, पालकांना पाठवायच्या पावत्या सगळं ह्याच लॅपटॉपवर. मे महिन्यात वायफाय कार्ड गेलं. तपकीर गल्लीत एकाकडे मेलेल्या लॅपटॉपमधून काढलेलं अथेरॉसचं एआर९४६२ मिळालं, ४५० म्हणाला, ४०० वर आणला. मुद्दाम हेच शोधलं कारण लिनक्सवर हे एथ९के ड्रायव्हरने चालतं आणि वायफायसाठी वेगळी फर्मवेअरची (कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरची) फाईल मागत नाही (ब्लूटूथ मागतो, पण मला ब्लूटूथशी देणंघेणं नाही). घरी येऊन कीबोर्ड काढला, कार्ड बसवलं, बटण दाबलं, तर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात एरर १८०२, अनऑथराइज्ड नेटवर्क कार्ड लावलंय, मशीन बंद करा आणि कार्ड काढा. बस. एस्केप नाही, एंटर नाही, पुढे जातच नाही.

अनऑथराइज्ड! लॅपटॉप माझ्या पैशाचा, कार्ड माझ्या पैशाचं, स्क्रू मी पिळले, आणि परवानगी कोणाची नाही म्हणे? सोसायटीचा नवीन वॉचमन कसा फ्लॅटच्या मालकालाच अडवून "कोणाकडे जायचंय" विचारतो, अगदी तसं. प्रकार असा की बायोसमध्ये चालणाऱ्या कार्डांची एक यादी असते, आपल्या कार्डाचा नंबर त्यात नसेल तर बूटच होऊ देत नाही. कार्ड चांगलं आहे, स्लॉट तोच आहे, फक्त यादीत नाव नाही.

एका रिपेअरवाल्याकडे गेलो, नाव घेत नाही. त्याने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. "सर, ह्याचं ओरिजिनल कार्ड आता येत नाही, बोर्डच बदलू, नऊ हजारात बसवून देतो." म्हटलं अहो लॅपटॉपच साडेअकरा हजारांचा आहे. "मग नवीनच घ्या की." आई घरी म्हणाली, "अरे ते पेनड्राइव्हसारखं वायफाय मिळतं ना, ताईकडे आहे बघ." तिचं शंभर टक्के बरोबर होतं. डोंगल ३५० ला मिळतो आणि विषय तिथेच संपला असता. पण तो अनऑथराइज्ड शब्द डोक्यात जाऊन बसला होता, तिला काय सांगणार.

तर कोअरबूट. हे काही कालचं पोरगं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस नावाने सुरू झालं, २००८ मध्ये नाव बदललं, आणि क्रोमबुकमध्ये आजही हेच असतं, वापरणाऱ्याला पत्ता नसतो एवढंच. काम थोडकं, रॅम आणि चिपसेट जागे करायचे आणि पुढची सूत्रं दुसऱ्याच्या हातात द्यायची, माझ्याकडे सीबायोसच्या, जो पुढे डिस्कवरचं लिनक्स चालू करतो. यादी बिदी काही नाही, जे कार्ड लावाल ते चालेल.

आता सामान, कारण कोअरबूट बोर्डावरच्या चिपमध्ये बाहेरून लिहावं लागतं. सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र) आणि चिपचे पाय पकडणारी क्लिप असा सेट ४८० ला मागवला, आल्यावर वाचलं की ह्या काळ्या बोर्डात डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप आहे ३.३ ची. फिजिक्सचा मास्तर मी, हे आधी बघायला नको? तो तसाच पडून आहे, कोणाला हवा असेल तर ३०० ला देतो. मग त्याच कामासाठी रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड घेतला, ३८०. सेटमधली क्लिप चिपवर ठरेना म्हणून बरी क्लिप घेतली, ९००. हो, ९००. एका चिमट्याला.

जूनचा पहिला रविवार, बाहेर रिपरिप, घरात पंखा बंद कारण स्क्रू उडतील. स्क्रू पोह्यांच्या वाटीत. बॅटरी, चार्जर दोन्ही काढलेले. अकरावीतला एक मुलगा टॉर्च धरायला बसवला होता, हात स्थिर आहे त्याचा. पामरेस्ट काढून खालचा पातळ प्लास्टिकचा पडदा उचलला की दोन आठ पायांच्या चिपा दिसतात, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या, स्क्रीनच्या बाजूची ४ एमबीची आणि खालची ८ एमबीची. नंबर डोळ्यांनी वाचताच येत नाहीत, मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचले. क्लिप लावली, फ्लॅशरॉम (चिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्रॅम) चालवलं, चिप सापडली नाही. पुन्हा लावली, नाही. अर्धा मिलिमीटर डावीकडे, सापडली! वाचून घेतलं. पुन्हा वाचलं, चेकसम (वाचलेल्या डेटाचा पडताळणीचा आकडा) वेगळा. तिसऱ्यांदा वाचलं, तिसराच चेकसम. मुलगा म्हणतो, "सर, ॲव्हरेज काढायचं का?" हसलो, पण घाम फुटला होता, कारण हा बॅकअपच चुकीचा निघाला तर परतीचा रस्ता बंद. शेवटी क्लिप काढून चिपचे पाय खोडरबरने हलक्या हाताने घासले, क्लिप वरून सरळ दाबत बसवली, आणि मग लागोपाठ तीनदा तोच चेकसम आला. दीड तास गेला ह्यात. लिहायचं काम काही मिनिटांचं.

८ एमबीच्या चिपमध्ये इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (एमई) असतं. प्रोसेसरच्या शेजारी बसलेला हा वेगळा कॉम्प्युटर, त्याच्या सॉफ्टवेअरचा कोड खुला नाही, काय करतो ते आपल्याला दिसत नाही. ते पूर्ण उडवलं तर ह्या पिढीचं मशीन अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं, म्हणून एमई_क्लीनर वापरून छाटायचं, पाच एमबीच्या जागी शंभर केबीपेक्षाही कमी उरतं. तेव्हा सगळं मुक्त झालं वगैरे म्हणण्यात अर्थ नाही, मायक्रोकोडही (प्रोसेसरच्या आतला कोड) इंटेलचाच आहे. ज्यांना ती शंभर केबीसुद्धा खुपतात त्यांनी २००८ चा एक्स२०० घ्यावा, त्यात एमई सगळं काढता येतं, आणि मग त्यावर यूट्यूब बघून दाखवावं.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा स्क्रीन काळी. काहीच नाही. मी मनात नवीन लॅपटॉपचे ईएमआय मोजायला लागलो. नंतर कळलं, पहिल्या वेळेला ते रॅमची सगळी मोजमापं घेतं आणि साठवून ठेवतं, पुढच्या वेळी लगेच उठतं. आणि मग सीबायोसच्या दोन ओळी, त्यामागून ग्रब (लिनक्स सुरू करणारा मेनू), मिंट (माझं लिनक्स), आणि वर कोपऱ्यात वायफायचा पंखा. ४०० रुपयांचं कार्ड, अनऑथराइज्ड, पळतंय! मुलाला अमृततुल्यचा चहा आणि क्रीमरोल.

पुढचे पाच महिने खरंच मजेत गेले. बटण दाबल्यापासून ग्रब दिसेपर्यंत पूर्वी मी दप्तरातून पट्टी-पेन काढून होत असे, आता हात दप्तरापर्यंत पोचत नाही. झाकण मिटून झोपवणं, उठवणं, बाहेरचा मॉनिटर, आवाज, सगळं ठीक. सेटिंगचा निळा-पांढरा पडदा मात्र नाही, एफएन आणि कंट्रोल की अदलाबदल करायची असेल तरी लिनक्समधून एनव्हीरॅमटूलची कमांड द्यायची. मला चालतं, बायकोला नाही चालणार. ऑगस्टचा रिव्ह्यू इथपर्यंत होता.

आता बॅटरी. जुनी ओरिजिनल बॅटरी वीस मिनिटांवर आली होती, दिवाळीनंतर बाजारातून १,६५० ची नवीन आणली, कंपनीची नाही, अर्थातच. आली तेव्हा थोडी चार्ज होती, वापरली, ३० टक्क्यांवर आल्यावर चार्जर लावला. तीसच. तासाने तीसच. दुसऱ्या दिवशीही तीसच. लिनक्स म्हणतं चार्ज होत नाहीये, का ते सांगत नाही. मी आधी चार्जरवर संशय घेतला, मग पिनवर, मग कोअरबूटची नवीन आवृत्ती टाकली, मग बॅटरी घेऊन दुकानात गेलो, तिथे "आमच्याकडून चेक होऊनच जाते साहेब" हे ऐकून परत आलो. आठ-दहा दिवस गेले ह्यात आणि क्लासमध्ये मी लॅपटॉप वायरला बांधून शिकवत होतो, गोठ्यातल्या म्हशीसारखा.

कोथरूडला एक मित्र आहे, त्याच्याकडेही एक्स२३०, पण मूळ बायोसवाला. सहज त्याच्यात माझी बॅटरी लावली. चालू करताक्षणी स्क्रीनवर मेसेज, ही बॅटरी ह्या सिस्टिमला चालत नाही आणि चार्ज होणार नाही. दोन सेकंद! मी दहा दिवस जे शोधत होतो ते त्या उद्धट बायोसने दोन सेकंदांत तोंडावर सांगितलं.

म्हणजे असं की बॅटरीची ओळख पटवायचं काम बायोस करतच नाही. ते करतो एम्बेडेड कंट्रोलर, ईसी. कीबोर्ड, पंखा, चार्जिंग सांभाळणारी वेगळी चिप, तिचं वेगळं फर्मवेअर. कोअरबूट त्याला हात लावत नाही. बायोस फक्त त्याचा निरोप स्क्रीनवर आणतो. मी निरोप्याला हाकलून दिलं आणि नकार देणारा आत तसाच बसलेला. जुना निदान अडवताना का अडवतोय ते बोलायचा, माझा नवीन मुक्त आहे पण मुका. कार्डाच्या वेळी ज्या पाटीवर एवढा भडकलो होतो त्याच पाटीची मला आठवण यावी, हे काही मला आवडलेलं नाही.

ईसीवरही उपाय आहे. थिंकपॅड-ईसी म्हणून एक प्रकल्प आहे, त्यात बॅटरीची तपासणी काढून टाकणारा पॅच (फर्मवेअरमधला छोटा बदल) मिळतो (त्याच पॅचमध्ये एक्स२२० चा जुना सात ओळींचा कीबोर्डही बसवता येतो, तो मोह मी टाळला, सध्यापुरता). पण तो पॅच आत जातो कंपनीच्याच बायोस अपडेटच्या वाटेने. म्हणजे आधी कोअरबूट काढा, मूळ बायोस परत टाका, पॅच मारा, पुन्हा कोअरबूट टाका. मूळ बायोस परत टाकायला उघडावं लागत नाही, कोअरबूट चालू असताना आतूनच लिहिता येतं. पण एकदा तो आला की दार आतून लावून घेतो, कोअरबूटकडे यायला पुन्हा तीच ९०० ची क्लिप.

तर मूळ बायोस टाकला. रीस्टार्ट. आणि पुन्हा १८०२, अनऑथराइज्ड. आता ते कार्ड काढायलाच लॅपटॉप उघडायला लागला, वाटी, स्क्रू, पंखा बंद. गुरुवार होता म्हणून दिवसा हात लावला नाही, आमच्याकडे गुरुवारी लाईटचा भरवसा नसतो आणि ईसी लिहिता लिहिता लाईट गेली तर तो लॅपटॉप पेपरवेट. रात्री बसलो. अपडेटचा प्रोग्रॅम म्हणतो चार्जर लावा आणि बॅटरीही चार्ज पाहिजे. नवीन बॅटरी चार्ज होत नाही म्हणून तर हा उद्योग! शेवटी जुनी वीस मिनिटांवाली लावली, ती ओरिजिनल असल्यामुळे मानाने शंभरपर्यंत गेली, आणि तिच्या जोरावर पॅच बसला. बायोस फार नवीन असेल तर हा पॅच घेत नाही म्हणतात, मी इतक्या वर्षांत अपडेट कधी केलंच नव्हतं, आळस कामाला आला. मग नवीन बॅटरी लावली, चार्जरचा दिवा, एकतीस टक्के. बत्तीस. मी पन्नासपर्यंत बघत बसलो होतो, साडेबारा वाजले.

रविवारी तोच मुलगा, तोच टॉर्च, कोअरबूट परत. ह्या वेळी पहिल्याच फटक्यात चेकसम जुळला, पाय आधीच खोडरबरने घासले होते.

आता फेब्रुवारी. बॅटरी साडेतीन तास जाते, कार्ड चालतंय, एकदाही बंद पडलेलं नाही. बॅटरी सोडून खर्च २,१६०, म्हणजे आईच्या डोंगलच्या सहापट. हा आकडा घरी सांगितलेला नाही. कोणाला एक्स२३० वर हे करायचं असेल तर आधी ईसी पॅच, मग कोअरबूट, उलटं नको. दोन्ही चिपांचा बॅकअप दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. क्लिप विकत घेऊ नका, माझ्याकडे आहे, कर्वेनगरला येऊन घेऊन जा, पण वापरून झाली की परत आणून द्या, ९०० ची आहे.