शिमानो आरएस-१००: साधी चाकं, पण मापं बघून घ्या

रिम-ब्रेकच्या (पॅड थेट चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला दाबणाऱ्या) रोड सायकलची मूळ चाकं घासून पातळ झाली, की बदलीसाठी शिमानोची डब्ल्यूएच-आरएस१०० ही जोडी आधी बघावी. वजन साधारण १.९ किलो, म्हणजे हलकेपणासाठी ही घेऊ नये. कसारा घाट चढताना जाणवण्याइतका फरक हवा असेल तर तेच पैसे चांगल्या टायरवर घाला. ही जोडी घ्यायची ती हबसाठी, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागासाठी. आत कप-कोन (हबमधली वाटी आणि एक्सलवरचा शंकूसारखा नट) आणि सुटे छर्रे आहेत. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात भिजलेला हब घरी उघडून, धुऊन, ग्रीस भरून परत बसवता येतो. सीलबंद बेरिंग खराब झालं तर ते ठोकून काढावं लागतं आणि नेमक्या मापाचं नवं शोधावं लागतं.

पैसे देण्याआधी सायकल उलटी करून मापं बघा. ही चाकं क्विक रिलीजची, म्हणजे खटका दाबून आवळायची आहेत. चाक बसतं त्या जागेची रुंदी पुढे १०० मिमी, मागे १३०. डिस्क ब्रेकच्या सायकलला ती चालत नाहीत, तिथे मागे १३५ किंवा थ्रू-एक्सलचं (फ्रेममधून आरपार जाणाऱ्या जाड एक्सलचं) १४२ असतं. टायरवर ६२२ हा आकडा (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिमीमध्ये) हवा. ‘२७ इंच’ लिहिलेल्या जुन्या सायकलींचा आकडा ६३० असतो. तिथला टायर इकडे बसत नाही आणि ब्रेकचे पॅडही ४ मिमी वर-खाली होतात.

खरी गफलत मागच्या गिअरच्या गुच्छात होते. सात गिअरच्या स्वस्त रोड सायकलींना बऱ्याचदा आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं, आणि या हबला लागते कॅसेट, म्हणजे हबच्या खाचांवर सरकवून बसवायचा गिअरचा गुच्छ. ओळखायची खूण सोपी: गिअर उलटे फिरवा. बाहेरची खाचांची रिंग गिअरसोबत फिरली तर कॅसेट, मधला खाचांचा भाग जागेवर राहिला तर फ्रीव्हील. फ्रीव्हील निघालं तर चाकासोबत कॅसेटचाही खर्च धरा.

आरएस-१०० चा फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग) ११ स्पीडच्या रुंदीचा आहे. त्यावर ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट चढवताना आधी १.८५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारी चकती) घालावा लागतो. शिमानोच्या बऱ्याच १० स्पीड कॅसेटना वर आणखी १ मिमीचा पातळ स्पेसर लागतो. विसरलात तर लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी बाहेरची रिंग) पूर्ण आवळूनही गिअर खुळखुळतात, आणि मग लोक उगाच डिरेलरचे (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचे) स्क्रू फिरवत बसतात. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची. शेवटी येणारा ‘कटकट’ आवाज तिच्या दातांचा आहे, घाबरू नका. खोक्यात स्पेसर आहे का, हे दुकानातच बघून घ्या.

रिमची आतली रुंदी १७ मिमी आहे. जुनी रिम अरुंद असेल तर ब्रेकची केबल थोडी सैल करावी लागेल. २५ किंवा, फ्रेममध्ये जागा असेल तर, २८ मिमी रुंदीचा टायर घाला. ७० किलोच्या माणसाला २५ वर ८० ते ९० पीएसआय पुरे. खड्ड्यांच्या रस्त्यावर १२० भरण्यात काही अर्थ नाही. व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा प्रकारचा. हायवेच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही, म्हणून पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. ट्यूब आतल्या बाजूने, तारांच्या भोकापाशी फुटत असेल तर दोष टायरचा नाही, रिम टेप सरकली आहे.

तारा कमी असल्याने एक तुटली तरी रिम ब्रेकला घासायला लागते. पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर एकदा आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून घ्या. निपल (तारेच्या टोकाचा नट) एका वेळी पाव फेरीच फिरवा. मागच्या चाकाच्या उजव्या तारा डाव्यांपेक्षा ताठ असतात, त्या समान करायला जाऊ नका. अर्धा मिलिमीटर आउट राहिला तरी चालतो, तो शून्यावर आणण्याच्या हौसेत निपलच्या कडा झिजतात.

हबचं काम पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. छर्रे काढताना प्रत्येक बाजूचे मोजून ठेवा. खड्डे पडलेला कोन पुसून परत लावू नका, तो कपालाही खातो. चाक हातात धरून कोन आवळताना एक्सलला केसभर ढिलाई ठेवायची. क्विक रिलीज दाबल्यावर तेवढी निघून जाते. ती ठेवली नाही तर छर्रे दाबले जातात आणि चाक जड फिरतं. आणि मोटरसायकल धुण्याच्या प्रेशर पंपाखाली ही चाकं कधीच धरू नका, रबरी सीलमधून पाणी थेट ग्रीसमध्ये जातं.

पावसात पॅडमध्ये वाळूचे आणि ॲल्युमिनियमचे कण रुततात. ब्रेक करकरायला लागला की ते टाचणीने काढा, नाहीतर रिमची कड खरवडली जाते. त्या कडेवर अधूनमधून सरळ पट्टी लावून बघा. मध्ये स्पष्ट खळगा दिसला तर आउट काढण्यावर खर्च करू नका. हवेच्या दाबाने अशी कड चालत्या सायकलवर फाटते. ती रिम बदलायची.