प्राथमिक की दुय्यम माहिती? सीमाभागात संशोधन करणाऱ्यांसाठी तुलना

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, ‘तथ्य संकलन’ या मथळ्याखाली बहुतेक विद्यार्थी एकच वाक्य लिहितात: प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन्ही स्रोतांचा वापर केला जाईल. मग शंभर फॉर्म छापले जातात, ओळखीच्या लोकांकडून भरून घेतले जातात आणि दुसऱ्या प्रकरणात जनगणनेचे दोन तक्ते येतात. कोणता प्रश्न कशाने सुटणार, हा निर्णय यात कुठेच झालेला नसतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात काम करणाऱ्याला तो सुरुवातीलाच घ्यावा लागतो. सरकारी आकडे राज्य, जिल्हा, तालुका अशा चौकटीत येतात. इथला मजूर, इथला ऊस आणि इथले शिक्षण मात्र रोज ती चौकट ओलांडते.

आपल्या प्रश्नासाठी आपण स्वतः गोळा केलेली माहिती ती प्राथमिक: मुलाखत, प्रश्नावली, निरीक्षण, गटचर्चा. दुसऱ्याने दुसऱ्या कामासाठी गोळा केलेली आणि आपण वापरलेली ती दुय्यम: जनगणना, कृषिगणना, शाळांची आकडेवारी, कारखान्यांचे अहवाल, जुने प्रबंध. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे लक्षात ठेवावे की त्याच्या विषयात त्या काळाचा मूळ कागद हाच प्राथमिक स्रोत मानला जातो, तो स्वतः लिहिलेला नसला तरी. समाजशास्त्राची व्याख्या इतिहासाच्या प्रबंधात लिहिली की व्हायवात (तोंडी परीक्षेत) अडचण होते.

आधी दुय्यम माहिती तपासा

फॉर्म छापण्याआधी आठवडाभर फक्त उपलब्ध आकडे शोधावेत आणि प्रत्येक तक्त्याला तीन प्रश्न विचारावेत. आकडा कोणत्या पातळीचा आहे? कोणत्या सालचा आहे? त्यांनी जे मोजले तेच मला हवे आहे का?

पातळीचा प्रश्न इथे सर्वांत जास्त अडवतो. निपाणी, कागवाड, मूडलगी आणि कित्तूर हे तालुके २०११ नंतर झाले. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याचे दहाच तालुके आहेत. निपाणीची गावे चिकोडीत, कागवाडची अथणीत, मूडलगीची गोकाकात आणि कित्तूरची बैलहोंगलात (जनगणनेत नाव संपगाव) सापडतात. ‘निपाणी तालुका, २०११’ असा तयार आकडा मिळत नाही. गावनिहाय तक्ता उतरवून आजच्या निपाणी तालुक्यातली गावे एकेक करून बेरजेत घ्यावी लागतात. दोन-तीन दिवसांचे काम आहे, पण त्यानंतर तो आकडा ठामपणे मांडता येतो. शोधताना नावांचेही भान हवे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्याआधीचे सगळे दस्तऐवज जुन्या स्पेलिंगने आहेत. सौंदत्ती तालुका जनगणनेत परसगड नावाने येतो. एकाच स्पेलिंगने शोधले तर अर्धे कागद हाती लागत नाहीत.

सालाचा प्रश्न त्याहून साधा, पण जास्त दुखरा. लोकसंख्येचे प्रसिद्ध झालेले शेवटचे पूर्ण आकडे २०११ चेच आहेत, आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. मातृभाषेचा तालुका पातळीवरचा तक्ताही त्याच २०११ च्या जनगणनेचा, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आज खानापुरात मराठी बोलणारे किती’ याचे उत्तर कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही. तरीही २०११ चा आकडा आजचा म्हणून लिहिला जातो. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे साल लिहिण्याची सवय लावली की हा दोष जातो.

व्याख्या बदलली तर मालिका तुटते. शाळांच्या युडायस प्लस आकडेवारीत २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली, त्याआधी शाळा एकत्रित संख्या देत असे. त्यामुळे २०१८-१९ ते २०२४-२५ असा मराठी माध्यमाच्या पटाचा आलेख काढून घसरण दाखवली, तर त्यातली काही घसरण मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे असू शकते. आलेखात त्या वर्षाशी उभी रेघ मारावी आणि दोन्ही बाजू वेगळ्या वाचाव्यात.

हद्दीच्या दोन्ही बाजूंची तुलना

निपाणी आणि कागल, खानापूर आणि चंदगड, अथणी आणि जत अशी तुलना हा इथला आवडता विषय आहे, आणि तो घ्यावाच. पण दोन्ही राज्यांचे कागद एकसारखे नाहीत. महाराष्ट्रात ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ निघते. कर्नाटकात जिल्ह्याच्या आकडेवारीची वार्षिक पुस्तिका निघते, तिचे मथळे बऱ्याचदा कन्नडमध्ये असतात. रकाने जुळत नाहीत, वर्षेही मागेपुढे असतात. त्यामुळे तुलनेचा पाया शक्यतो केंद्राच्या स्रोतांवर ठेवावा: जनगणना, कृषिगणना, २०१९ ची पशुगणना, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हा पत्रके. तिथे दोन्ही राज्यांत प्रश्न एकच विचारलेला असतो. आरोग्य सर्वेक्षण मात्र जिल्ह्याच्या खाली उतरत नाही, त्यातून तालुक्याचा निष्कर्ष काढू नये.

जमिनीच्या आकड्यात होणारी चूक तर प्रबंधच्या प्रबंध बिघडवते. कर्नाटकातल्या पहाणीवर (जमिनीच्या उताऱ्यावर) क्षेत्र एकर-गुंठ्यात असते, महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. पहाणीवरचे ‘२-२०’ म्हणजे दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे अडीच एकर, सुमारे १.०१ हेक्टर. एक्सेलमध्ये ते २.२० असे भरले की प्रत्येक शेतकऱ्याची जमीन चुकते आणि सरासरी पाहून ते लक्षातही येत नाही. सातबाऱ्यावरचे २.२० मात्र खरोखरच २.२० हेक्टर असते, कारण शंभर आर म्हणजे एक हेक्टर. एकर आणि गुंठे दोन वेगळ्या रकान्यांत भरावेत आणि रूपांतर सूत्राने करावे. पहाणीवरचा पिकाचा रकानाही प्रत्यक्ष पेरणीशी जुळेलच असे नाही. पीकपद्धती हा विषय असेल तर बांधावर जाणे भाग आहे.

जुना काळ अभ्यासायचा असेल तर दप्तर कुठे आहे हे आधी ठरवावे. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, त्यामुळे इंग्रजी अमदानीची कागदपत्रे मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधावी लागतात. १८८४ चे बेळगाव गॅझेटियर हा चांगला आरंभ आहे. पण शहराला लागून असलेले शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते आणि रामदुर्ग स्वतंत्र संस्थान होते, म्हणून ब्रिटिश जिल्ह्याच्या तक्त्यांत ही गावे गृहीत धरू नयेत. शहापूरच्या विणकरांचा शंभर वर्षांचा आढावा घेणाऱ्याने हा मुद्दा सोडला तर मधली दशके रिकामीच राहतात.

कार्यालयातला न छापलेला आकडा हवा असेल तर माहितीचा अधिकार आहे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. चार विषय एकत्र केले की अर्ज परत येतो आणि महिना जातो.

प्राथमिक माहितीचा खरा खर्च

पैशापेक्षा दिवस जास्त लागतात. चाळीस मिनिटांची मुलाखत धरली तर चालणे, वाट पाहणे आणि नकार पचवून एक माणूस दिवसात पाच-सहा करतो. म्हणजे १२० मुलाखतींना वीस ते चोवीस दिवस. खानापूरच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर पावसाने वाटा अडतात आणि भातलावणीत माणूस घरी सापडत नाही. ऊसपट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च तोडणीची गडबड. सकाळी अकराला गावात गेले तर घरात वृद्ध आणि थोड्या बायका असतात, मग नमुनाही तसाच तयार होतो. संध्याकाळी सहानंतरचे दोन तास आणि सुट्टीचा दिवस धरून वेळापत्रक करावे.

किती लोकांना विचारायचे याचा हिशेब सूत्राने निघतो. ९५ टक्के खात्री आणि अधिकउणे ५ टक्के चूक धरली तर मोठ्या लोकसंख्येसाठी ३८५. गावात ८०० च कुटुंबे असतील तर दुरुस्तीनंतर २६०. शंभर-सव्वाशेच का, याचे उत्तर मात्र सहसा कोणाकडे नसते. १२० फॉर्ममध्ये चूक अधिकउणे ९ टक्क्यांच्या आसपास असते. त्यांचे साठ-साठ असे दोन गट करून तुलना केली तर प्रत्येक गटात ती १३ टक्क्यांवर जाते. गटांत आठ टक्क्यांचा फरक दिसला म्हणून निष्कर्ष काढणे चूकच. आणि हे सगळे हिशेब यदृच्छ, म्हणजे प्रत्येकाला निवडीची समान संधी देणाऱ्या, नमुन्यालाच लागू होतात. व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवून भरून घेतलेल्या गुगल फॉर्मला ‘अधिकउणे इतके टक्के’ असा हिशेब लावण्यात काही अर्थ नाही.

यदृच्छ नमुना गावात काढणे अवघड नाही. गल्लीनिहाय घरांची यादी करावी. ४८० घरे आणि ६० हवीत, तर अंतर आठचे. एक ते आठमधला आकडा चिठ्ठीने काढावा, पाच आला तर पाचवे, तेरावे, एकविसावे असे घर. यादी न करता देवळापासून सुरुवात केली की मोठ्या गल्लीतली जुनी घराणीच येतात, गावाबाहेरच्या वस्त्या सुटतात. निवडलेले घर बंद असेल तर शेजारचे घेऊ नये. दोनदा पुन्हा जावे, तरीही नाही भेटले तर ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद करावी.

भाषेचा मुद्दा इथे पद्धतीचाच भाग आहे. फक्त मराठी येणारा मुलाखतकार चिकोडी किंवा अथणीत गेला तर नकळत मराठी घरांकडे वळतो. फक्त कन्नड येणारा खानापुरात तसाच उलटा. प्रश्नावली दोन्ही भाषांत हवी. एकाने मराठीतून कन्नडमध्ये करावी, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत मराठीत आणावी आणि जिथे अर्थ सरकला तो प्रश्न बदलावा. मग वीस-तीस जणांवर चाचणी. ते वीस-तीस अंतिम नमुन्यात धरू नयेत.

आणि भाषा हाच विषय असेल, तर ‘तुमची मातृभाषा कोणती’ हा प्रश्न पहिला ठेवू नये. सीमाप्रश्नामुळे लोक त्याचे उत्तर कोण विचारतो ते पाहून देतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. शेवटी विचारावा, आणि त्याआधी वागणुकीचे प्रश्न घ्यावेत: मुलांशी कोणती भाषा, बँकेत कोणती, दुकानात कोणती, घरी पेपर कोणता येतो. विभागप्रमुखांच्या सहीचे ओळखपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत जवळ ठेवावे आणि गावात शिरण्याआधी ग्रामपंचायतीला कळवावे. नाव आणि फोन नंबर उत्तरांच्या पानावर लिहू नये. सांकेतिक क्रमांक द्यावा आणि त्याची यादी वेगळी ठेवावी.

कोणत्या विषयाला काय

मराठी माध्यमाच्या शाळांतला पट किती घटला, हे दुय्यम आकड्यांनी सांगता येते. शंभर पालकांना विचारून ते कळत नाही. पालकांनी कन्नड किंवा इंग्रजी माध्यम का निवडले, याला मुलाखतच हवी. तिथे २६० फॉर्मपेक्षा तीस सखोल मुलाखती बऱ्या, कारण कारणे फॉर्मच्या पाच चौकटींत मावत नाहीत.

निपाणीच्या विडी कामगार बायकांवर काम करायचे तर सरकारी नोंद अपुरी पडते. ओळखपत्र नसलेल्या त्यात नसतात, आणि एकीच्या नावावरच्या विड्या वळायला घरातल्या तिघीही बसलेल्या असू शकतात. प्रत्यक्ष विचारतानाही ‘महिन्याला किती मिळतात’ याला गोल आकडा येतो. गेल्या आठवड्यात किती हजार विड्या दिल्या, छाट (नाकारलेल्या विड्या) किती निघाली, पाने कमी पडल्यावर स्वतःच्या पैशांनी किती घेतली, सोबत कोण वळत होते असे विचारावे. मजुरीचा हिशेब त्यावरून आपण मांडावा.

उसाच्या दरात दोन्ही पद्धती एकत्र लागतात. केंद्राने ठरवलेला रास्त दर छापील मिळतो: २०२५-२६ हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये. शेतकऱ्याच्या हाती काय पडले ते ऊसबिलावरच दिसते. तोंडी विचारले तर एक जण तोडणी-वाहतूक वजा करून सांगतो, दुसरा वजा न करता, तिसरा फक्त पहिली उचल सांगतो. बिल पाहूनच नोंद करावी. आणि जिल्ह्यातल्या कारखान्यांचे गाळप म्हणजे जिल्ह्याचे उत्पादन नव्हे, कारण हद्दीजवळचा ऊस पलीकडच्या कारखान्यांतही जातो.

बेळगाव तालुक्यातून रोज हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्यांचा अभ्यास पूर्णपणे प्राथमिक माहितीवर उभा राहील. २०११ च्या जनगणनेत कामाचे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले होते, पण कामगार राज्याची हद्द ओलांडतो का हे त्या तक्त्यातून कळत नाही. शिफ्ट सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहून मोजणी आणि मग गावात मुलाखती, असा क्रम ठेवावा.

निपाणीचे १९८१ चे तंबाखू आंदोलन घेणाऱ्याने मात्र मुलाखती आधी कराव्यात. तेव्हा विशीत असलेले आज पासष्टी-सत्तरीच्या घरात आहेत. वर्तमानपत्रांच्या फायली पुढच्या वर्षीही वाचता येतील. मुलाखतीत तारखा सरकतात, म्हणून प्रत्येक कथनासमोर त्या दिवसाच्या बातमीची नोंद लावावी, आणि दोन्ही जुळत नसतील तर दोन्ही छापावीत.