मुंबई–टोकियो थेट विमान: एकाहत्तर वर्षांच्या आईसोबत

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. धाकट्या बहिणीचं बाळंतपण टोकियोत, निशी-कासाईला, त्यामुळे फेब्रुवारीत जाणं भागच होतं. दोन वर्षांपूर्वी मी एकटा बँकॉकमार्गे गेलो होतो. या वेळी जास्त पैसे मोजून टोकियोच्या नारिता विमानतळाचं थेट विमान घेतलं आणि ते पूर्ण वसूल झाले.

मुंबई ते नारिता सरळ अंतर साधारण ६,८०० किलोमीटर. बँकॉकवरून गेलं तर जेमतेम नऊशे किलोमीटर वाढतात. पण तेव्हा बँकॉकला पाच तास बसून घरून विमानतळापर्यंतचा वेळ सोडूनही माझे पंधरा तास गेले होते. आईला मधे उतरून, पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहून दुसऱ्या विमानात चढवायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं.

तिकिटावरच्या वेळांनी गोंधळू नका. जाताना रात्री ८ ला निघून सकाळी साडेसातला पोचतो, म्हणजे साडेअकरा तास वाटतात. जपान साडेतीन तास पुढे, म्हणून प्रत्यक्षात आठच. येताना सकाळी सव्वाअकरा ते संध्याकाळी साडेपाच दिसतं, पण ते पावणेदहा तास असतात!

हा फरक वाऱ्याचा. जपानवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे उंचावर जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा जोर सगळ्यात जास्त. जाताना समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,०५० किलोमीटरपर्यंत गेलेला पाहिला, येताना तोच ७२० वर अडकला होता. गंमत म्हणजे हा वारा १९२० च्या दशकात ओइशी वासाबुरो या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून मोजला, तोही नारिताहून फार लांब नसलेल्या तातेनोच्या वेधशाळेतून. त्यांनी अहवाल एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या, थोड्याच लोकांना येणाऱ्या भाषेत लिहिला आणि बाहेरच्या जगाचं त्याकडे लक्षच गेलं नाही.

व्हीलचेअरची सोय उत्तम. आदल्या दिवशी कळवलं होतं, मुंबईत दारापासून सीटपर्यंत माणूस सोबत होता, नारितालाही तसंच. हिंदू शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवलं होतं, तेही चांगलं होतं.

तक्रार एकच, पण मोठी. उतरण्याच्या दोन तास आधी दिवे लावून नाश्ता देतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दोन! आईला नुकतीच झोप लागली होती. उठून तिने नाश्त्यानंतरची बीपीची गोळी हातात घेतली, मी वेळेवर थांबवलं. गोळ्या घेणारं कोणी सोबत असेल, तर निघण्याआधीच डॉक्टरांकडून तिथल्या घड्याळाप्रमाणे वेळा लिहून घ्या.

नारिता विमानतळ टोकियो शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे, तो तासाभराचा प्रवास हिशोबात धराच. आणि परतीचं तिकीट काढताना ज्येष्ठांसाठी मधल्या वाटेलगतची सीट मागून घ्या. पावणेदहा तासांत आई सहा वेळा उठून फेऱ्या मारून आली, म्हणून मुंबईला उतरताना तिचे पाय सुजलेले नव्हते.