पाच तारखेला भाडं यायचं, म्हणून मी काही विचारलं नाही

डोंबिवली पूर्वेला माझा वन बीएचके आहे. इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणी उताऱ्यावर, माझं आणि सौ.चं नाव आहे, कर्जाचा हप्ता मुलाच्या खात्यातून जातो, आणि आत राहणारं कुटुंब गेले १५ महिने मला एक रुपया देत नाही. आम्ही काही देणं लागत नाही, असं ते म्हणतात. त्यांच्याकडचा कागद पाहिला तर तेही खोटं बोलत नाहीत. त्यांनी ६,५०,००० रुपये मोजलेत, फक्त ते माझ्यापर्यंत आले नाहीत.

हेवी डिपॉझिट म्हणजे दरमहा भाड्याऐवजी एकदाच मोठी रक्कम अनामत देऊन राहायचं. त्यातला हा खेळ मुंबईकडच्या लोकांना समजावून सांगायला नको. मालकाला दरमहा भाडं कबूल करायचं, घरात हेवी डिपॉझिटवाला बसवायचा, नव्या लोकांच्या डिपॉझिटमधून जुन्या मालकांची भाडी भागवायची, आणि पुरेसा पैसा जमला की शटर ओढून पसार व्हायचं. मीही हे पेपरात वाचलं होतं. वाचूनही फसलो, याचाच जास्त संताप येतो.

मी चिपळूणचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०२२ मध्ये निवृत्त झालो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हाच घरात ठरलं होतं की पुढचा पैसा इथे जमिनीलगत अडकवायचा नाही. निवृत्तीचे पैसे आणि १५ लाखांचं कर्ज मिळून ४१,५०,००० ला फ्लॅट घेतला. हप्ता १३,११२ आणि भाडं १४,०००, म्हणजे हप्ता परस्पर सुटेल असा साधा हिशेब. हिशेब चुकला नव्हता, माणूस ओळखण्यात चुकलो.

ज्या एजंटने फ्लॅट दाखवला, त्यानेच सुचवलं, "सर, तुम्ही चिपळूणला. भाडेकरू शोधायला, नळ गळला म्हणून, कितीदा येणार? फ्लॅट माझ्याकडे द्या. भाडेकरू असो-नसो, पाच तारखेला १४,००० तुमच्या खात्यात." ५०,००० डिपॉझिट त्याने लगेच दिलं. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर होतं. दर खेपेला दिवा पॅसेंजर पकडून येणं मला जमणार नव्हतं. कोणीही हो म्हटलं असतं, हे मी आजही म्हणतो.

त्याच्या कार्डावर रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर होता. त्यावर मी विसंबलो. पुढे वकिलांकडून कळलं की एजंटची रेरा नोंदणी रेरातल्या प्रकल्पांच्या खरेदी-विक्रीसाठी असते, भाड्याच्या व्यवहाराला तिचं संरक्षण नाही. कार्डावरचा नंबर बघून भाड्याचं घर कोणाच्या हाती देऊ नका.

मग त्याने ५०० च्या स्टॅम्प पेपरवर दोन कागद करून आणले. एक त्याचा-माझा अकरा महिन्यांचा करार आणि दुसरं अधिकारपत्र. नोटरीच्या टेबलापाशी उभ्या उभ्या सह्या झाल्या. अधिकारपत्रात 'मालकाच्या वतीने भाडेकरू ठेवणे, करार करणे, डिपॉझिट स्वीकारणे' अशी ओळ होती. मी ती वाचली. लाइटबिल, सोसायटीची कामं यासाठी लागतं म्हणाला. ३४ वर्षं मुलांना 'सही करण्याआधी वाचा' असं सांगितलेला माणूस मी, वाचलं आणि तरी सही केली.

रजिस्टर करार करू या का, असं मी विचारलं होतं. "कशाला खर्च सर, घरातलाच मामला." १४,००० भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक ०.२५ टक्क्याने साधारण ४०० रुपये, शहरात नोंदणी फी १,००० आणि वर किरकोळ. आधार आणि अंगठ्यावर ऑनलाइन होतो, चिपळुणातूनही झाला असता. दीड-दोन हजारांसाठी मी गप्प बसलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याहून वाईट म्हणजे, अटी काय होत्या यावर भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरतात, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर.

फेब्रुवारी २०२३ पासून भाडं आलं. कधी चारला, कधी पाचला, चुकलं म्हणून नाही. पण दर महिन्याला पाठवणाऱ्याचं नाव वेगळं. एकदा विचारलं तर "स्टाफच्या खात्यातून टाकतो सर". पैसे येत होते, मी पुढे विचारलं नाही.

आणि डिसेंबर २०२३. हा दिवस मला झोपू देत नाही. भाच्याच्या लग्नाला ठाण्याला आलो होतो, म्हणून सहज फ्लॅटवर गेलो. दारावर पितळी पाटी, भाडेकरूच्या आडनावाची, स्क्रूने बसवलेली. स्वयंपाकघरात ओट्याखाली नव्या स्टीलच्या ट्रॉल्या, बाल्कनीला ग्रिल. भाडेकरूच्या घरच्या वहिनींनी चहा दिला. त्यांचे यजमान म्हणाले, "काका, पोरीची दहावी होईपर्यंत आता बघायला नको, तीन वर्षं निवांत." अकरा महिन्यांचा भाडेकरू स्वतःच्या खिशातून ट्रॉल्या करतो का? तीन वर्षं कुठून आली? मी ट्रॉली ओढून बघितली, चांगली आहे म्हणालो, चहा संपवला आणि निघालो. तुम्ही भाडं किती देता, हे चार शब्द मी विचारले नाहीत. परक्याच्या घरात पैशाचं कसं विचारायचं, असं वाटलं. घर माझं होतं!

जुलै २०२४ ला भाडं आलं नाही. आठ तारखेला फोन बंद. ऑफिसला कुलूप, बाहेर माझ्यासारखेच सात-आठजण. फ्लॅटवर गेलो तेव्हा त्या वहिनींनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतला करार काढून दाखवला. डिपॉझिट ६,५०,०००, भाडं शून्य, मुदत ३६ महिने. मालकातर्फे सही एजंटची, सोबत माझ्या अधिकारपत्राची झेरॉक्स. त्याने मला १७ महिन्यांचे २,३८,००० आणि ५०,००० डिपॉझिट दिलं, म्हणजे २,८८,०००. उरलेले ३,६२,००० त्याच्या खिशात, आणि हे फक्त माझ्या एका घरातले. सोसायटीच्या सेक्रेटरींना हेवी डिपॉझिटचं पहिल्यापासून माहीत होतं. "आम्हाला वाटलं तुम्हीच दिलंय." मला एक फोन करायला काय जात होतं?

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी तीन तास बाकावर बसवलं. मग, "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." दुसऱ्या खेपेला, "पैसे तुमचे कुठे गेलेत? भाडेकरूला पाठवा." भाडेकरू गेला, तर त्याला सांगितलं की मालकाविरुद्ध तक्रार दे, अधिकारपत्र त्याचं आहे. तिसऱ्या खेपेला, एजंटचं ऑफिस आमच्या हद्दीत येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची आहे. हे मी छापील कागद समोर धरून सांगितलं. कागदाकडे कोणी बघितलं नाही. "गुरुजी, शिकलेले असून सही कशी केलीत?" हे मात्र सगळ्यांनी विचारलं. दिवसभराचा प्रवास करून आलेल्या ६१ वर्षांच्या माणसाला हाच एक प्रश्न. अर्ज घेतला, पण पोच देईनात. पोच घेतल्याशिवाय हलू नका, आणि नाहीच दिली तर वरच्या अधिकाऱ्याला स्पीड पोस्टाने पाठवा. वकिलांनी पुढे मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला लावला तो या पोस्टाच्या पावतीच्या जोरावर. पाच जणांनी मिळून केलाय. अजून तारखा चालू आहेत.

घर रिकामं करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे भाडे कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं, पण तिथे लेखी लायसन्स करार हाच पुरावा, आणि राहणाऱ्याबरोबरचा माझा करार म्हणजे तो एजंटने केलेला कागद. आत्तापर्यंत वकील ४०,०००, बुडालेलं भाडं २,१०,०००, मेंटेनन्स महिना २,४५० प्रमाणे ३६,७५०.

त्या कुटुंबावर माझा राग नाही. मुलगी यंदा दहावीला आहे. जानेवारी २०२६ ला मुदत संपते, तेव्हा ते ६,५०,००० माझ्याकडेच मागणार.

दुरून घर भाड्याने देणाऱ्यांनो, डिपॉझिट घेण्याचा अधिकार कोणाला लिहून देऊ नका. करारावर राहणाऱ्याची सही आणि अंगठा हवा, मधल्याचा नको. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे स्वतः द्या. वर्षातून एकदा घरात जाऊन बसा आणि भाडं किती देता, हे तोंडावर विचारा.

माझ्या पासबुकात १७ महिन्यांत ९ वेगवेगळी नावं आहेत. त्यातली दोन नावं मला त्या बंद ऑफिसबाहेर समोर उभी दिसली. दोघंही दुसऱ्यांच्या फ्लॅटमध्ये हेवी डिपॉझिट देऊन राहणारे. एजंटने सांगितलेल्या खाते नंबरवर त्यांनी डिपॉझिटचे हप्ते टाकले होते आणि ते खातं माझं होतं. तुमचं भाडं कोणाच्या नावाने येतं, ते आज पासबुक उघडून बघा.