वेंटॉय: पेन ड्राइव्हवरून लिनक्स बूट होत नसेल तर हे वापरून बघाच

लिनक्स टाकायचं म्हटलं की बहुतेक जण पेन ड्राइव्ह बूट होण्याजोगा करायला रूफस नाहीतर बलेना एचर ही साधनं घेतात, ती वाईट नाहीतच, पण नवीन आयएसओ (सिस्टिम इन्स्टॉल करायची फाइल) टाकायचा म्हणजे दर वेळी अख्खा पेन ड्राइव्ह पुसा, आणि एवढं करून बूट झालं नाही तर घोळ आयएसओत आहे, पेन ड्राइव्हमध्ये आहे का बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) अडवतंय हे कळतच नाही. वेंटॉय हे एकाच पेन ड्राइव्हवरून अनेक आयएसओ चालवू देणारं साधन, आणि मला ते आवडतं ते याचसाठी.

एकदा इन्स्टॉल केलं की पेन ड्राइव्हचे दोन भाग होतात, मोठा एक्सफॅट फॉरमॅटचा आणि छोटा ३२ एमबीचा. मोठ्यात आयएसओ नुसते कॉपी करायचे, बूट केल्यावर सगळ्यांची नावं मेनूत दिसतात, मिंट, डेबियन असे लिनक्सचे प्रकार (डिस्ट्रो), अगदी विंडोजचा ४ जीबीच्या वरचा आयएसओ पण चालतो. आता मिंट अडकलं तर रीस्टार्ट करून लगेच डेबियन लावायचं, ते चाललं म्हणजे पेन ड्राइव्ह आणि बायोसची सेटिंग ठीक आहे, मग मिंटच्या फाइलकडे बघायचं. मेनूत त्या आयएसओवर जाऊन एम दाबलं की चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) काढता येतो, त्यातला एसएचए२५६ प्रकार घ्या आणि डिस्ट्रोच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा, अर्धवट उतरलेली फाइल इथेच सापडते. फाइल बरोबर असूनही अडकलं तर त्याच आयएसओला ग्रब२ मोडमध्ये (वेंटॉयची बूट करायची दुसरी पद्धत) लावून बघा, काही आयएसओ नॉर्मल मोडमध्ये रुसतात. आणि मेनू येऊन पुढे स्क्रीन काळी पडत असेल, विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर बूटच्या ओळीत नोमोडसेट (nomodeset, ग्राफिक्सची सेटिंग लिनक्सला करू न देणारा शब्द) टाकून बघा.

सिक्युअर बूट (फक्त ओळखीच्या सह्यांचंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर पहिल्यांदा 'व्हेरिफिकेशन फेल्ड' असं येतं आणि इथेच लोक घाबरून सोडून देतात. ओके करा, पुढे निळी स्क्रीन आली की लगेच कुठलंही बटण दाबा कारण ती थोडेच सेकंद थांबते, मग 'एनरोल की फ्रॉम डिस्क', त्यात व्हीटॉयईएफआय नावाचा भाग, त्यात 'एनरोल धिस की'ने सुरू होणारी फाइल, मग कंटिन्यू, येस, रीबूट. त्या मशीनवर हे एकदाच करावं लागतं. त्याऐवजी सिक्युअर बूटच बंद करणार असाल आणि विंडोजला बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी काढून ठेवा, नाहीतर विंडोज पुन्हा चालू करताना ती मागितली जाते आणि मग खरी धावपळ.

पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या स्वतःच्या बूट मेनूत दिसतच नसेल तर त्यात वेंटॉय काही करू शकत नाही. तो मेनू उघडायला डेल, लेनोव्होला साधारण एफ१२, एचपीला एफ९, आणि एसरच्या बऱ्याच लॅपटॉपना एफ१२ चा मेनू बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावा लागतो. तसंच लिनक्स चालतंय पण इन्स्टॉलरला आतली एसएसडी दिसत नाही, असं झालं तर बहुतेकदा बायोसमध्ये डिस्क हाताळायची इंटेल आरएसटी पद्धत चालू असते, ती बदलून एएचसीआय करावी लागते, पण विंडोज ठेवायचं असेल तर घाई करू नका, थेट बदललं तर विंडोज बूट होणं बंद होऊ शकतं.

एक गोष्ट मात्र खटकते. वेंटॉय ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचता येतो) पण त्याच्या सोर्समध्ये बरेच आधीच कंपाइल केलेले ब्लॉब आहेत, म्हणजे आत काय आहे ते वाचता न येणाऱ्या तयार फाइली, लोकांनी त्यावर आक्षेप घेतलाय आणि मला तो रास्त वाटतो. घरच्या मशीनला मी बिनधास्त वापरते, ज्या मशीनवर दुसऱ्यांचा महत्त्वाचा डेटा आहे तिथे एकाच आयएसओचा साधा पेन ड्राइव्ह बनवते.

आणि वेंटॉयचं नवीन व्हर्जन आलं की अपडेट दाबा, आयएसओ तसेच राहतात, इन्स्टॉल दाबलं तर सगळं पुसलं जाईल. कॉपी झाल्यावर पेन ड्राइव्ह इजेक्ट करूनच काढा, शंभर टक्के दिसलं तरी मागे लिहिणं चालू असू शकतं.