आमच्या कॉलेजचा दिव्यांग कक्ष: तीन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू (५ पैकी ३)

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी मला मेसेज सुरू होतात, ताई तुमच्या कॉलेजला दिव्यांग कक्ष आहे ना, कसा आहे, ॲडमिशन घेऊ का. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण माझं शेवटचं सेमिस्टर अजून बाकी आहे आणि मार्कशीट त्यांच्याकडनंच घ्यायचीय. पुण्यातलं जुनं, मोठ्ठं, झाडंबिडं असलेलं कॉलेज, एवढं पुरे.

आधी माझं सांगते, म्हणजे रिव्ह्यू कुठल्या डोळ्यांनी लिहिलाय ते कळेल. मला आरपी आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार. आमच्यात टोटल (अजिबात न दिसणारे) आणि पार्शियल (थोडं दिसणारे) अशा दोन पार्ट्या असतात, मी पार्शियल. मधलं दिसतं, कडेचं नाही, पाइपातनं बघितल्यासारखं, आणि अंधार पडला की खेळ खल्लास. बार्शीजवळच्या गावातनं आले, शाळा मराठी मीडियम, आता टीवायबीए इकॉनॉमिक्स आणि तेही मराठीतनंच. हे 'मराठीतनंच' लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे.

तर कक्ष. बोर्डावर 'समान संधी केंद्र' लिहिलंय, पण कुणाला विचारलं तर कळत नाही, 'दिव्यांगांची रूम' म्हटलं की लगेच सांगतात. तळमजल्यावर आहे हे चांगलं, दाराला एक पायरी आहे हे वाईट. रॅम्प आहे पण तो मेन बिल्डिंगला, म्हणजे व्हीलचेअरवाला प्रिन्सिपॉलच्या केबिनपर्यंत छान जातो आणि स्वतःच्या रूमपाशी येऊन अडकतो. (रॅम्प १:१२ उताराचा पाहिजे, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. आमचा मेन बिल्डिंगचा रॅम्प खरंच तसा आहे, माझ्या वर्गमित्रानं टेप लावून मोजलाय.) अंधांना पायाला-काठीला वाट कळावी म्हणून असतात त्या पिवळ्या ठिपक्यांच्या फरशा, कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकची कमिटी यायच्या महिनाभर आधी बसवल्या. गेटपासून सुरू होतात, झकास जातात आणि पार्किंगमध्ये संपतात, तिथनं पुढं ॲक्टिवा. मला एकदा गुडघ्यालाच लागली.

आत काय आहे? चार कॉम्प्युटर, एक व्हिडिओ मॅग्निफायर, एक स्कॅनर, एक ब्रेल एम्बॉसर. एम्बॉसर म्हणजे ब्रेल उमटवणारा प्रिंटर, किंमत लाखांत, आणि चालू केला की जुन्या डॉट मॅट्रिक्सचा आजोबा खोकतोय असा आवाज, त्यामुळं शेजारच्या वर्गातनं निरोप येतो, बंद करा. तीन वर्षांत मी तो चालताना फार तर पाच वेळा ऐकला, एरवी वर कव्हर आणि कव्हरवर झेंडूचा सुकलेला हार, खंडेनवमीचा. मॅग्निफायर मात्र सोनं आहे. पुस्तक कॅमेऱ्याखाली ठेवायचं, स्क्रीनवर मोठं दिसतं, रंग उलटे करायचे म्हणजे काळ्यावर पांढरं, डोळ्याला गार वाटतं. पार्शियलवाल्यांनो एक टिप, झूम फार वाढवू नका. आपल्याला आरपीवाल्यांना पाइपातनं दिसतं, अक्षर फार मोठं केलं की एका वेळी एकच 'क्ष' दिसतो आणि शब्द काय होता ते विसरायला होतं. पहिलं वर्षभर मी हाच गाढवपणा केला.

कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मुलांनी २००६ मध्ये सुरू केलेला, पूर्ण फुकट, आणि पेन ड्राइव्हवर टाकून कुठल्याही विंडोज कॉम्प्युटरवर चालवता येतो. त्यात ईस्पीक नावाच्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज आहे, पहिल्यांदा ऐकला की रोबोटला सर्दी झालीय असं वाटतं पण आठवड्यात कान बसतो आणि मग स्पीड वाढवत नेलं की डोळसांना नुसती किरकिर ऐकू येते, आपल्याला मात्र सगळं कळतं, वर्गात जरा भाव खाता येतो. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, म्हणजे फोनचं वाचून दाखवणारं, लावलं तर गुगलचा मराठी आवाज त्याच्यापेक्षा बराच माणसासारखा आहे.

आता मुद्दा. मशिनं सगळी चालतात, चालवायला शिकवणाऱ्या मॅडम आहेत, त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण मशीननं वाचायचं काय? इंग्लिश मीडियमची मुलं येतात, हेडफोन लावतात, पीडीएफ उघडतात, ऐकतात, घरी जातात. मी माझ्या सरांच्या नोट्स उघडल्या तर एनव्हीडीए म्हणतो, ए एम ब्रॅकेट डॅश के स्लॅश. अर्धा तास मला वाटलं कॉम्प्युटर बिघडलाय. बिघडला नव्हता, नोट्स श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. हे जुने फॉन्ट असे चालतात की आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वरनं फक्त मराठी आकार चढवलेला असतो. डोळ्याला 'मागणीची लवचिकता' दिसतं, मशीनला आतली इंग्रजी खिचडी दिसते. युनिकोडमध्ये टाइप केलं, म्हणजे मंगल, निर्मला वगैरे फॉन्ट, की हा प्रश्नच येत नाही. युनिकोड येऊन किती वर्षं झाली, पण आमच्या डिपार्टमेंटची अर्धी मराठी सामग्री अजून श्रीलिपीतच पडलीय, कारण झेरॉक्सवाल्या काकांकडे टाइप करून घेतलेली आहे आणि काकांचा हात त्याच्यावर बसलाय. उरलेली अर्धी म्हणजे हातानं लिहिलेल्या वहीचे फोटो.

हे मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं मला कुणी आधी बोललंच नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. माझ्या आधीची मराठी मीडियमची मुलं तिथं नुसती बसायला आणि डबा खायला यायची, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. म्हणजे कक्ष सगळ्यांसाठी आणि चालतो इंग्लिशवाल्यांसाठी. दोन स्टार इथं कापले.

मग मार्ग काय काढला ते सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल. श्रीलिपीवाली फाइल असेल तर कन्व्हर्टर मिळतात, पेस्ट केलं की युनिकोड होतं, फक्त रफार आणि जोडाक्षरं एकदा कुणाकडनं तरी तपासून घ्या. छापील पानाचा नीट फोटो असेल तर गुगल ड्राइव्हवर टाकायचा आणि 'डॉक्समध्ये उघडा' करायचं, खाली मजकूर निघतो, मराठीचाही. शंभर टक्के बरोबर नसतो. माझ्या पुस्तकात 'अर्थव्यवस्था'ची 'अथव्यवस्था' झाली आणि मी ते पूर्ण सेमिस्टर तसंच ऐकलं. हाताच्या अक्षराचं मात्र काही खरं नाही, तिथं मैत्रीण लागते.

लायब्ररीचा किस्सा वेगळाच. पुस्तक स्कॅन करून मागितलं तर ग्रंथपाल सर म्हणाले कॉपीराइट आहे, असं स्कॅन करून देता येत नाही. मी दोन आठवडे तोंड पाडून फिरले. मग मुंबईच्या एका सिनियरनं सांगितलं की २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदललाय, कलम ५२(१)(झेडबी), दिव्यांग व्यक्तीसाठी वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून दिलं तर ते उल्लंघन होत नाही, फक्त धंदा करायचा नाही. आणि त्याच विषयाचा जो आंतरराष्ट्रीय मराकेश करार आहे त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत, २०१४. हे कागदावर लिहून नेलं तर सरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, बस, चहा घेतेस का. त्या दिवसापासून स्कॅनिंगला नाही म्हणाले नाहीत. त्यामुळं सरांवर राग नाही, पण हे कक्षानं लायब्ररीला आधीच सांगून ठेवायला नको का, एफवायच्या पोरीनं कायद्याचं कलम घेऊन का जावं?

हां आणि सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी माहीत नसेल तर आजच मेंबर व्हा. २०१६ पासून आहे, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि केंद्र सरकारचं, ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांना पुस्तकं फुकट डाउनलोड. मुंबईला जाणं होत असेल तर झेवियर्स कॉलेजमधलं रिसोर्स सेंटर नक्की बघा, एक्सआरसीव्हीसी म्हणतात त्याला, २००३ पासून चालू आहे. कॉलेजमधली एक रूम काय काय करू शकते ते तिथं कळतं. मी एक दिवस गेले होते, परत येताना डेक्कन क्वीनमध्ये गप्पच बसले होते.

आता कक्षाची सगळ्यात भारी गोष्ट, जिला तीनातले दोन स्टार आहेत. रायटरचं रजिस्टर. सरकारी कागदात लेखनिक म्हणतात, आम्ही रायटरच म्हणतो, आपण सांगू ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा. ज्याला रायटर लागतो त्यालाच माहीत, परीक्षा अभ्यासाची नसते, रायटर शोधायची असते. २०१८ च्या केंद्राच्या गाइडलाइननुसार तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. वेगवेगळ्या पेपरला वेगळा रायटर चालतो. पण त्याच गाइडलाइनप्रमाणे स्वतःचा रायटर न्यायचा तर त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा एक पायरी खाली पाहिजे. इथंच सगळी गोची. टीवायवालीला एसवायचा किंवा एफवायचा रायटर, आणि त्यांची परीक्षा त्याच महिन्यात. म्हणून आमच्या मॅडमनी ज्युनियर कॉलेजला धरलं. अकरावी-बारावीच्या मुलांची नावं, मराठी अक्षर कसं आहे, गणिताचे आकडे नीट लिहितो का, फोन नंबर, कुठल्या तारखा मोकळ्या, सगळं एका लाल रजिस्टरमध्ये. साधी गोष्ट आहे, खर्च शून्य, लाखांच्या एम्बॉसरपेक्षा जास्त पोरं या वहीनं पास केलीत.

माझी रायटर बारावी सायन्सची, गोड पोरगी, पण मी 'सीमांत उपयोगिता' म्हटलं की ती 'श्रीमंत उपयोगिता' लिहायची. पहिल्या पेपरला मला कळलंच नाही, तिनं शेवटी वाचून दाखवलं तेव्हा कळलं, सतरा ठिकाणी श्रीमंत. जादा तास त्यातच गेला. तेव्हापासून पेपरच्या आदल्या दिवशी आम्ही बसतो आणि मी तिच्याकडनं पंचवीसेक अवघड शब्द लिहून घेते. हे करा, खरंच करा.

जादा वेळेची एक कटकट मात्र सांगायला पाहिजे. पेपर २ ते ५, माझा ६ पर्यंत. पाचला बाकीचा हॉल रिकामा होतो, सुपरवायझर घड्याळ बघायला लागतात, एकदा तर पंखे बंद केले, बेंच ओढायचा आवाज सुरू. नोव्हेंबरच्या पेपरला बाहेर येते तर अंधार पडलेला, म्हणजे ज्या मुलीला रात्री दिसत नाही तिला बरोबर दिसायचं बंद झाल्यावर घरी सोडतात. मॅडमना सांगितलं, पुढच्या वेळी सकाळचं सेशन मिळालं. सांगावं लागतं.

ज्यांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४०% च्या खाली आहे किंवा हात लिहिताना आखडतो वगैरे, त्यांना ऑफिसमध्ये बऱ्याचदा 'तुम्हाला रायटर नाही' सांगतात. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये सांगितलंय की नुसती टक्केवारी बघून रायटर नाकारता येत नाही. डॉक्टरचं पत्र आणि हा निकाल, दोन्ही सोबत ठेवा.

बाकीच्या सोयी पटापट. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, त्याच्याशिवाय पान हलत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ४०% आणि वरच्यांना ५% जागा राखीव आहेत, फॉर्म भरताना तो रकाना सोडू नका, माझ्या भावकीतल्या एकानं लाज वाटते म्हणून सोडला आणि नंतर वर्षभर रडला. स्कॉलरशिपला केंद्राची पोस्ट मॅट्रिक आहे, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे. डिप्लोमा-इंजिनिअरिंगवाल्यांना एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) सक्षम स्कॉलरशिप, वर्षाला ५०,००० आणि उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. आमच्या कक्षात या फॉर्मला मदत करतात पण शेवटच्या तारखेच्या आठवड्यात नका जाऊ, सर्व्हर आणि मॅडम दोघंही दमलेले असतात. एसटीला ७५% सवलत आहे, बार्शीला घरी जाताना तेवढाच आधार.

कर्णबधिर मुलांसाठी कक्षात जवळपास काहीच नाही, साइन लँग्वेजचा इंटरप्रिटर नाही, माझी एक मैत्रीण पहिल्या बाकावर बसून सरांचे ओठ वाचते आणि सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात. तिच्याकडनं रिव्ह्यू घेतलात तर एक स्टार येईल आणि तो बरोबरच असेल. प्लेसमेंटचंही तेच, तीन वर्षांत आमच्यासाठी म्हणून एकच कंपनी आली, डेटा एंट्रीला. मॅथ्सवाला टोटल आहे आमच्यात, पायथन येतं त्याला, त्यालाही डेटा एंट्री.

तर घ्यायची का ॲडमिशन? इंग्लिश मीडियम असाल आणि दिसण्याचा प्रॉब्लेम असेल तर डोळे झाकून घ्या. मराठी मीडियम असाल तरी या, पण पहिल्याच आठवड्यात सरांना भेटून नोट्स युनिकोडमध्ये मागा. आमचे इकॉनॉमिक्सचे सर आता फोनवर मराठीत बोलून टाइप करतात, म्हणाले झेरॉक्सच्या काकांपेक्षा स्वस्त पडतं. आणि मी तीन वर्षांच्या नोट्स, तपासलेल्या, श्रीमंत उपयोगिता काढून टाकलेल्या, एका हिरव्या पेन ड्राइव्हवर टाकून कक्षात ठेवल्यात. एम्बॉसरच्या शेजारच्या कपाटात, किल्ली शिपाई मामांकडे. मामा १ ते २ जेवायला जातात, तेव्हा जाऊ नका.